खाडीच्या बाजूची शिकवणी

आमच्या दुकानात येणारं प्रत्येक माणूस दोनच प्रश्न विचारतं: कुठे आणि कधी. लाटेवर उभं राहायची फळी भाड्याने घेणारेही तेच विचारतात आणि टॉवेल खांद्यावर टाकून नुसते डोकावणारेही तेच. काउंटरमागे बसून मी इतकी वर्षं तेच उत्तर देते आहे की झोपेत विचारलं तरी बिनचूक देईन. कुठे? बंदराच्या भिंतीकडे. तिथे तळाला वाळू आहे, लाट लांबून फुटत येते, आणि पडलात तर कमरेएवढ्या पाण्यात पडाल. खडकांच्या बाजूला जाऊ नका, ती जागा ज्यांना येतं त्यांची. कधी? सकाळी, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो तेव्हा. त्या वाऱ्यात लाट सावकाश उभी राहते, घाई करत नाही. दुपारी वारा फिरला की सगळा राडा होतो. भरती अर्धी चढलेली असेल तर उत्तम. उन्हाळ्यातल्या लाटा लहान, शिकाऊ लोकांना बऱ्या. थंडीतल्या मोठ्या, तेव्हा शिकाऊ माणसाने काठावर उभं राहून चहा प्यावा.

आणि खाडीच्या तोंडाकडे? असं एखादा तरी विचारतोच, कारण लांबून ती जागा सगळ्यांत शांत दिसते. तिथे नाही, एवढंच मी सांगते. का नाही ते सांगायचं तर माझ्या बहिणीची सगळी गोष्ट सांगावी लागेल, आणि मागे रांग खोळंबलेली असते. इथे रांग नाही, म्हणून सांगते.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, बाप बोटीवर नोकरीला, तेव्हा मला न्हाऊ घालण्यापासून माझे पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. लाटेवर उभं राहायला तिला कुणी शिकवलं नाही. मोडक्या होडीची एक फळी तिने कुठून तरी पैदा केली होती, आणि शाळा सुटली की ती फळी आणि ती, दोघी पाण्यात. मी मात्र जमिनीवरचं माणूस. गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझा जीव घाबरा होतो. एकाच घरात एक मासा आणि एक मांजर जन्माला आलं, असं ताई म्हणायची, आणि मांजराला काउंटरमागे बसवून माशाने दुकान चालवलं. फळ्या घासणं, पाण्यात घालायचे रबरी सूट धुणं, आलेल्यांशी गोड बोलणं हे माझं काम. शेवटचं मला फारसं जमत नाही.

भाऊजी आमच्याकडे शिकाऊ म्हणूनच आले. समुद्रापासून लांबच्या एका गावात चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. आठवडाभराच्या रजेवर आले होते. इतका वाईट शिकाऊ मी आजवर पाहिलेला नाही. ताईने ढकलायचं आणि त्यांनी पडायचं, ताईने ढकलायचं आणि त्यांनी पडायचं. संध्याकाळी नाकातून पाणी गाळत ते दुकानात यायचे आणि माझी माफी मागायचे, जसं काही समुद्र माझ्या मालकीचा होता. रजेच्या शेवटच्या दिवशी ते एकदाचे उभे राहिले. पुढच्या महिन्यात परत आले. त्याच्या पुढच्या महिन्यातही आले. शिकायची हौस त्यात कितपत होती ते तेच जाणोत. पुढे त्यांनी काचा घासणं सोडलं, ताईशी लग्न केलं आणि तिच्याबरोबर शिकवू लागले. गंमत म्हणजे शिकवायला ते तिच्यापेक्षा चांगले निघाले. ताईला सगळं जन्मतःच येत होतं, त्यामुळे लोक का पडतात तेच तिला कळायचं नाही. भाऊजींना पडण्याचे सगळे प्रकार तोंडपाठ होते.

आता हे ढकलणं काय असतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. शिकाऊ माणसाला स्वतः हात मारून लाट पकडता येत नाही. म्हणून तो फळीवर पालथा झोपतो, तोंड काठाकडे. शिकवणारा त्याच्या मागे कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो, फळीची शेपटी धरून. लाट कधी येते यावर लक्ष शिकवणाऱ्याचं. ती आली की तो ढकलतो आणि ओरडतो, ऊठ. शिकाऊ माणसाला पाळायचा नियम एकच: मागे वळून बघायचं नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की फळी वळते, आणि मग नाकातून पाणी. मागच्या हातांवर भरवसा ठेवायचा आणि काठाकडे बघायचं. ताईचा धक्का एका झटक्याचा. भाऊजींचा तसा नव्हता. ते फळीबरोबर पाण्यातून पळत यायचे, पळत पळत ढकलायचे, आणि मूल सायकल शिकत असताना बाप हळूच हात काढतो तसा हात काढायचे. सोडलं कधी ते कळायचंच नाही, असं लोक सांगायचे.

ते गेले तो दिवस थंडीच्या सुरुवातीचा होता. भिंतीकडे गर्दी होती, म्हणून एका दंतवैद्य बाईंना घेऊन ते खाडीच्या तोंडाकडे गेले. ओहोटी लागली की खाडीचं पाणी तिथून समुद्राकडे धावतं आणि तळाची वाळू पायाखालून नेतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. थोडाच वेळ जाऊ, असं त्यांना वाटलं असेल. दंतवैद्य बाई त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा फळीवर उभ्या राहिल्या. थेट काठाला लागेपर्यंत उभ्या राहिल्या. आणि वाळूवर उतरून वळल्या, आपण उभं राहिलेलं सरांनी पाहिलं की नाही ते बघायला. समुद्र रिकामा होता.

होड्या फिरल्या, पाणबुडे उतरले. काही सापडलं नाही. ताई रडली नाही. मी वाट बघत होते तिच्या रडण्याची, तशी सोय करून ठेवली होती, दुकान बंद, फोन बंद, पण ती नुसती खिडकीशी बसायची आणि भरती-ओहोटीच्या तक्त्याकडे बघायची. काही महिन्यांनी ती उठली आणि कामाला लागली. पहिल्यासारखीच शिकवायची, फक्त हसायची नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात एक निवृत्त गृहस्थ शिकायला आले. आयुष्यभर विजेचे मीटर वाचत फिरलेला माणूस, अंगाने काटकुळा, सगळ्या गोष्टींबद्दल समाधानी. त्या दिवशी ताई भिंतीकडे एका रडवेल्या मुलीला धीर देण्यात गुंतली होती आणि हे गृहस्थ फळीवर पडल्या पडल्या कधी खाडीच्या बाजूला वाहत गेले ते तिला कळलं नाही. कळलं तेव्हा ती पाण्यातून धावत सुटली. पण ते काठाला येत होते. उभे राहून, दोन्ही हात पसरून, तोंडभर हसत.

दुकानात फळी परत करायला आले तेव्हा मला म्हणाले, "मॅडम चांगल्याच आहेत हो, पण त्या दुसऱ्या सरांचा हात फार छान. सोडतच नाहीत. पळत येतात बरोबर."

"कोणते सर?" मी विचारलं.

"खाडीकडे असतात ते."

"दिसायला कसे होते?"

"आता मी कसं सांगणार? मागे बघायचं नाही म्हणून तुम्हीच बजावलंत." आणि ते स्वतःच्या विनोदावर खूश होऊन गेले.

मी वळले. ताई माझ्या मागे दारातच उभी होती, अंगावरून पाणी ठिबकत होतं. तिने सगळं ऐकलं होतं. कितीतरी महिन्यांनी मी तिच्या चेहऱ्यावर रंग बघितला, आणि खरं सांगायचं तर मला त्या रंगाचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने एका शिक्षिकेला मुद्दाम खाडीकडे नेलं. धडधाकट बाई, पोहण्यात पटाईत. ताईने तिला फळीवर झोपवलं, मागे वळून बघू नका म्हणून सांगितलं, आणि हळूहळू पाण्यातून बाजूला होत चांगली लांब जाऊन उभी राहिली. मी काठावर होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शिक्षिकेच्या मागे कुणी नव्हतं. लाट आली, फळी हलली, आणि लाट पुरती पोचायच्या आधीच सरळ रेषेत काठाकडे निघाली. बाई उभ्या राहिल्या. काठाला आल्या आणि मला म्हणाल्या, "ताकद आहे हं मॅडमच्या हातात."

आमच्या किनाऱ्यावर एक जीवरक्षक आहे. त्याला सगळे शिट्टी म्हणतात, कारण तोंडातली शिट्टी तो फक्त जेवताना काढतो. मी त्याला गाठलं. म्हटलं, खाडीचं पाणी आणि लाट यांची टक्कर होऊन तिथे काठाकडे धक्का बसत असेल, हो ना? होच म्हण, असं मी तोंडाने बोलले नाही, एवढंच.

त्याने शिट्टी काढली. "ओहोटीला तिथलं पाणी बाहेर ओढतं," तो म्हणाला. "काठाकडे ढकलणारं तिथे काहीही नाही. तुझ्या बहिणीला सांग, नाहीतर मी वर कळवतो." त्याने तिथे लाल निशाण रोवलं. ताईने ते उपटलं नाही. त्याच्या शेजारून ती शिकाऊ लोकांना घेऊन जायला लागली.

शिट्टीने वर कळवलं की नाही ठाऊक नाही, पण कुणी आलं नाही. आणि ताई बदलत गेली. पाण्यात उतरायच्या आधी ती केस विंचरू लागली. समुद्रात जाणारं माणूस केस विंचरून जातं का कधी? सूटखाली धुतलेला सदरा. कामावरून आल्यावर गुणगुणणं. जेवायला बसली की दार उघडंच ठेवायची, आणि मी लावलं की उठून परत उघडायची. मी तिला टोमणे मारून पाहिले, अबोला धरून पाहिला. अबोला तिच्या लक्षातच आला नाही.

शेवटी एका संध्याकाळी मी तिला धुण्याच्या खोलीत अडवलं. ती खोली मला आधीच आवडत नाही. ओले रबरी सूट रांगेने लटकत असतात, हात-पाय-छाती सगळं असलेले, फक्त माणूस नसलेले, आणि त्यांच्या बाह्यांच्या तोंडातून पाणी गळत राहतं. मी पाइप बंद केला आणि म्हटलं, "ताई, हे बंद कर."

"काय?"

"तुला माहीत आहे काय. लोक तुझ्या भरवशावर पाण्यात उतरतात, आणि तू त्यांना कुणाच्या हातात देतेस?"

"एक तरी बुडालं का?" ती म्हणाली.

एकही बुडालं नव्हतं. खाडीकडे शिकलेलं प्रत्येक माणूस पहिल्याच दिवशी उभं राहत होतं. लोक तर नाव घेऊन तिकडची शिकवणी मागायला लागले होते.

"ते नाहीयेत ताई," मी म्हटलं. "भाऊजी गेले. आपण दोघी आहोत फक्त."

तिने एका सुटाची बाही पिळली. "मी त्याला किती वेळा ढकललं असेल गं," ती म्हणाली, मी काही बोललेच नव्हते अशा आवाजात. "तो पडायचा, मी ढकलायचे. गावभरच्या लोकांना त्याने ढकललं. अनोळखी, कुठले कुठले लोक. मला एकदासुद्धा नाही. मला गरजच नव्हती ना."

तेव्हा कुठे मला कळलं. मी शिकाऊ लोकांची काळजी करत बसले होते, आणि बुडायला निघाली होती ती माझी बहीण. त्या रात्रीपासून मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. ती पाण्यात असेल तोवर काउंटर सोडून दारात उभी राहायचे. गिऱ्हाइकं कुरकुरायची, मी त्यांच्यावर खेकसायचे.

सुट्ट्या संपता संपता एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. नवरा भिंतीकडे रमला, बायको खाडीकडे गेली. ती काठाला आली तीही उभी राहूनच, पण हसत नव्हती. ओठ निळे पडले होते. मी तिच्या अंगाभोवती टॉवेल गुंडाळला.

"त्यांनी धरून का ठेवलं मला?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"लाटा येत होत्या आणि ते सोडत नव्हते. एक गेली, दुसरी गेली. मी म्हटलं, सर, सोडा ना. मग घोटा धरला. हात इतके गार होते." तिने पाय पुढे केला. घोट्याला काही खूण नव्हती. "मग एकदम सोडलं. चूक कळल्यासारखं."

मी ताईकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी घाबरेल. आता तरी तिकडची शिकवणी बंद होईल. आणि ती झालीच. ताईने त्या मुलीची माफी मागितली, तिला गरम चहा पाजला, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की उद्यापासून खाडीकडे कुणालाही नेणार नाही. शिट्टीने मान डोलावली. मला हायसं वाटलं. मी किती मूर्ख, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. भाऊजींनी त्या मुलीला ताई समजून धरून ठेवलं होतं, आणि ती ताई नाही हे कळताच सोडलं होतं. असा ताईने त्याचा अर्थ लावला होता.

दुसऱ्या दिवशीची दुपार फार विचित्र होती. वारा पडलेला, ऊन नाही, ढगही नाहीत, सगळं आकाश नुसतं पांढरं. शिकवणी नव्हती. मी मागच्या अंगणात सूट धूत होते. फळ्यांच्या मांडणीकडे सहज नजर गेली आणि निळी फळी जागेवर नव्हती. ती आमची सगळ्यांत लांब, सगळ्यांत जाड, मऊ फळी. अगदी कोऱ्या शिकाऊ माणसाला देतो आम्ही ती. ताईने जन्मात त्या फळीवर पाय ठेवला नव्हता. मी पाइप तसाच वाहता टाकला आणि पळत सुटले.

शिट्टीची खुर्ची रिकामी होती, जेवायला गेला होता. लाल निशाण काठीला चिकटून लोंबत होतं. ओहोटी लागलेली. खाडीच्या तोंडाशी, काठापासून फार लांब नाही, ताई निळ्या फळीवर पालथी झोपली होती. तोंड काठाकडे. हात कडांना, हनुवटी वर, अगदी शिकवतो तशी. ती हात मारत नव्हती. आजूबाजूचं पाणी समुद्राकडे धावत होतं, त्यातली पानं, काटक्या, फेस, सगळं तिच्या दोन्ही बाजूंनी बाहेर चाललं होतं. फळी जागची हलत नव्हती.

"ताई, ये बाहेर," मी ओरडले.

"गप गं," ती म्हणाली. त्या शांततेत तिचा साधा आवाजही नीट ऐकू येत होता. "धरलंय त्याने."

एक लाट आली. फळी उचलली गेली, खाली बसली, तिथेच राहिली. दुसरी आली. तिसरी आली. ताईच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की ते मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"बघितलंस?" ती म्हणाली. "सगळ्यांना काठाला पाठवतो. मला नाही पाठवत."

आणि मग फळी मागे जायला लागली. शेपटीकडून, सावकाश, पाण्याच्या वेगापेक्षा सावकाश. धारेत सापडलेली फळी फिरते, आडवी होते, गटांगळी खाते. ही सरळच चालली होती, कुणीतरी उलटं चालत ओढत न्यावं तशी. ताईचं तोंड माझ्याकडे होतं आणि ते लहान लहान होत होतं. फळीला जोडलेली दोरीसुद्धा तिने पायाला बांधली नव्हती.

मी आत गेले. कशी गेले ते मला सांगता येणार नाही. गुडघे, कंबर, छाती, आणि मग तळ संपला. धारेने मला उचललं. नाकातोंडात पाणी, डोळ्यांसमोर मातकट अंधार, वर कुठे खाली कुठे काही कळेना. काहीतरी निळं माझ्या बाजूने गेलं, म्हणजे मीच त्याच्या बाजूने वाहून गेले, आणि मग माझे पाय वाळूला लागले. तिथे तळ असायला नको होता. इतक्या आत तर नकोच. पण होता, घट्ट होता, आणि मी छातीएवढ्या पाण्यात उभी राहिले. समोर हात पसरला तर पुरणार नाही एवढ्या अंतरावर फळीची शेपटी, तिच्यापुढे ताईचे तळवे, आणि पलीकडे काठ. मी आणि फळी यांच्यामध्ये कुणीही नव्हतं. फक्त तिथलं पाणी बाकीच्या पाण्यापेक्षा गार होतं, आणि तेवढंच पाणी वाहत नव्हतं.

मला त्यांची भीती वाटायला हवी होती. मला राग आला. जन्मात मी त्या माणसाला उलटून बोलले नव्हते.

"भाऊजी," मी म्हटलं. दात वाजत होते. "तुम्ही दंतवैद्य बाईंना धडपणे पोचवलंत, त्या मीटरवाल्याला पोचवलंत, सगळ्या गावाला पोचवलंत. हिला न्यायचा तुम्हाला काय अधिकार? तिने मला वाढवलंय. मला दुसरं कुणी नाही. सोडा तिला. हात जोडते, पण सोडा."

ताईने ऐकलं की नाही कोण जाणे. तिने मान वळवली नाही. इतक्या वर्षांची सवय. मी हात पुढे केले, टाचा उचलल्या, बोटं ताणली. शेपटीपर्यंत वीतभर अंतर राहिलं. मागून एक लाट उठताना तिचा आवाज आला, आणि ती माझ्यापर्यंत पोचायच्या आधी फळी निघाली.

ती झटक्याने निघाली नाही. हळू निघाली, मग वेगात, मग आणखी वेगात, आणि तिच्या मागच्या पाण्यात, अगदी उथळ होईपर्यंत, कुणीतरी पळत असल्यासारखे शिंतोडे उडत गेले. मी ते पाहिलं. मग लाट माझ्या डोक्यावरून गेली.

मी बाहेर आले ती चालत आले, असं शिट्टी सांगतो. तो जेवण टाकून पळत आला होता आणि पुढे धावून मला धरलं त्याने. तो म्हणतो, जिथे दोन माणसं एकावर एक उभी केली तरी बुडतील तिथून तू चालत आलीस. मला एवढंच आठवतं की पायाखाली वाळू होती.

ताई ओल्या वाळूत बसली होती. फळी शेजारी उलटी पडली होती. शिट्टी माझी पाठ थोपटत होता, पाणी काढत होता, आणि ताई माझ्याकडे टक लावून बघत होती. मी ओकून मोकळी झाले तशी ती गुडघ्यांवर सरकत जवळ आली आणि माझे दोन्ही हात धरले.

"तू ढकललंस ना मला?" तिने विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं. तिला कुठलं उत्तर हवं होतं ते तिच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. हो म्हण. मी ढकललं असेल तर भाऊजींनी तिला ठेवून घेतलं होतं आणि मी मध्ये पडून हिसकावून आणलं होतं. मी हो म्हटलं असतं तर तिने मला मिठी मारली असती, माफसुद्धा केलं असतं, आणि उद्या माझं लक्ष नसताना परत गेली असती.

"नाही," मी म्हटलं. "माझे हात पोचलेच नाहीत."

"नीट आठव. तू मागेच होतीस."

"होते. वीतभर कमी पडले. फळीला माझं बोटसुद्धा लागलं नाही ताई."

तिने माझे हात सोडले. तो चेहरा मी विसरणार नाही. भाऊजी गेल्याची बातमी मीच तिला दिली होती, तेव्हाही तो असा झाला नव्हता. ती समुद्राकडे वळून बघायला लागली. पाणी वाहत होतं, काटक्या आणि फेस बाहेर चालले होते, कुठेही काही अडत नव्हतं.

"म्हणजे मी नकोय त्याला," ती म्हणाली.

समजूत काढायला मला पुष्कळ बोलता आलं असतं. तसं नाही गं, त्यांचा जीव होता म्हणूनच पाठवलं तुला, असं काहीतरी. ते खरंही असेल. पण त्यामुळे तिच्या मनात परत एक फट राहिली असती, आणि फट मला नको होती.

"हो," मी म्हटलं. "नकोयस. मला हवी आहेस."

तिने एकदा माझ्याकडे रागाने बघितलं, लहानपणी पाढे चुकले की बघायची तसं. आणि मग तिचा चेहरा वाकडा झाला, ती माझ्या ओल्या मांडीवर डोकं टाकून मोठ्याने रडायला लागली. शिट्टी उठून लांब जाऊन उभा राहिला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले, आणि ती रडत होती तितका वेळ मला इतका आनंद होत होता की मला त्याची लाजही वाटली नाही.